माशाच्या कल्ल्यापासून

सुईच्या टोकावर आलेला मणी लाल नव्हता. सिओक निओनं तो बशीत परत टाकला, दुसरा उचलला, उजेडाकडे धरला. हाही तसलाच, शिळ्या चहाच्या रंगाचा. बाटली तीच होती, बूच तेच होतं, आईच्या हातची पिवळी पडलेली चिठ्ठीही जागच्या जागी होती. पण आतला माल तो नव्हता. एक्केचाळीस वर्षं ती सपातांवर मणी ओवत आली होती. राईहून बारीक काचमणी, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर एकेक करून टाचायचे, ओळीखाली ओळ, आणि त्यातून नवरीच्या पायात घालायची फुलं, पाखरं, मासे उभे करायचे. अख्ख्या मलाक्कात पाच तांबडे रंग वेगळे ओळखणाऱ्या बायका आता दोनच उरल्या होत्या, आणि दुसरीला ऐकू येत नव्हतं. तेव्हा रंगात आपली चूक होईल हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली ती भलतीकडेच. तिनं मान न वळवता आतल्या बाजूला कानोसा घेतला. स्वयंपाकघरात पाट्यावर मिरची वाटल्याचा आवाज येत होता. वाटणारी सून होती, फूई यिन. सिओक निओला त्या आवाजातही घाई ऐकू आली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, असं ती स्वतःशी म्हणाली.

संशयाला कारण नव्हतं असं कोण म्हणेल? चांद्र नववर्षाच्या आधी सिंगापूरहून एक बाई आली होती, गळ्यात जाडजूड जेडचा कंठा, बोलणं मधाळ. असले जुने मणी आता जगात बनत नाहीत, आंटी, म्हणत तिनं बाटल्यांवरून असा हात फिरवला की जणू मांजराच्या पाठीवरूनच. विकायचे नाहीत म्हटल्यावर तिनं कार्ड ठेवलं. सिओक निओनं ते केराच्या डब्यात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी फूई यिनच्या भाजीच्या पिशवीत तेच कार्ड पाहिलं. विचारलं तर म्हणे, ‘मागच्या बाजूला बसच्या वेळा लिहून ठेवल्यात, मा.’ बसच्या वेळा! तीन वर्षं घरात वावरलेली पोर. क्लुआंगकडची, हाक्का बोलणाऱ्या चिनी माणसांतली. तिच्या माहेरी रबराचे मळे. बायकांच्या हातांना चीक आणि चाकू ठाऊक, मणी कुठले ठाऊक असायला. मुलानं, किम सानानं, पसंत करून आणली आणि तो स्वतः सिंगापूरच्या गोदीत नोकरीला गेला. महिन्यातून दोन शनिवार यायचा, आईच्या हातचं खायचा, बायकोशी दार लावून बोलायचा आणि रविवारी निघून जायचा. उरलेले दिवस ह्या दोघी, लांबट अरुंद घरात, एक पुढच्या खोलीत चौकटीपाशी, एक मागे चुलीपाशी. फूई यिननं पहिल्या वर्षी शिकवा म्हटलं तेव्हा सिओक निओनं तिला चौकट दिली होती, पण नव्या स्वस्त मण्यांची. जुन्यांना हात लावायचा नाही, असं बजावलं होतं. पोरगी मुकाट्यानं ओवायची. हात बरा होता, सिओक निओनं हे कधी बोलून दाखवलं नाही. स्तुती केली की सून डोक्यावर बसते. आणि हल्ली, नागीण झाल्यापासून, पोरगी पाय न वाजवता चालायला लागली होती. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण पाहणाऱ्याचे डोळे उघडे असतात म्हणावं.

नागीण. तो शब्दही मनात आणायची तिला भीती वाटे. सात आठवड्यांपूर्वी उजव्या भुवईच्या वर आग सुरू झाली. आधी वाटलं ऊन लागलं. मग एका सकाळी कपाळावर, पापणीवर पुरळ उठलं, पाणी भरलेले फोड, आणि एक बारकासा फोड थेट नाकाच्या शेंड्यावर. फूई यिननं तो पाहिला आणि हातातली किटली खाली ठेवली. ‘मा, नाकावर आला म्हणजे डोळ्याला धोका असतो. फोनवर वाचलं मी. दवाखान्यात जाऊ.’ दहा मिनिटांत दारात गाडीसुद्धा उभी केली. तेव्हाच सिओक निओला खटकलं होतं. इतकी तत्परता? आपण दवाखान्यात पडून राहायचं, घर हिच्या ताब्यात, कपाट हिच्या ताब्यात? तिनं गाडी परत पाठवली आणि स्वतः डोक्यावर टॉवेल घेऊन देवळामागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या चिन आपेककडे गेली. उदबत्त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आपेक नागीण मारायचा. त्याच्या बापानं मारल्या, आज्यानं मारल्या. त्यानं शाई उगाळली, कुंचला भिजवला, तोंडानं पुटपुटत तिच्या अर्ध्या कपाळावर काळी भिंत काढली आणि कानशिलावर वाघ लिहिला. ‘डोकं इकडे आहे,’ तो म्हणाला, ‘शेपूट इथं. गाठ पडू द्यायची नाही. सात दिवस पाणी लावायचं नाही. अंडं नाही, कोळंबी नाही. डॉक्टरची गोळी तर नाहीच, गोळीनं ती चवताळते. आणि एक. घरात कुणी डोळ्याचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की ती तिकडे वळते.’ सिओक निओनं हे सगळं घरी येऊन सुनेला सांगितलं. पोरगी म्हणाली, ‘पण मा, तुमचा डोळा लाल...’ आणि सिओक निओनं तिच्या तोंडावर हात मारला. मारला म्हणजे जोरात नाही, दाबला. तरी तिच्या दातांचा स्पर्श तळव्याला झाला होता आणि तो अजून आठवत होता. त्यानंतर ह्या घरात डोळा हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आणि नागीण मेली होती, त्यात शंका नको. कपाळाच्या बरोबर मध्यावर थांबली, आपेकच्या रेघेपाशी, एक फोड पलीकडे गेला नाही. खपल्या धरल्या, पडल्या, वण राहिले. डोळा थोडे दिवस लाल होता, चुरचुरत होता, तोही निवळला. तेव्हा आता मणी तपकिरी दिसतात ह्याचा नागिणीशी काय संबंध? मेलेला साप चावत नाही. चावतं ते घरातलं माणूस.

तिनं सापळा लावला. स्वतःचा एक पांढरा केस उपटला आणि थुंकी लावून लाल बाटलीच्या बुचावर आडवा चिकटवला. दुपारी जेवून वर जाऊन पडली, तासाभरानं खाली आली. केस नव्हता. ती घाबरली आणि त्याच वेळी, लाज वाटावी असं, बरंही वाटलं. माणूस खरं ठरलं की त्याला बरं वाटतं. संध्याकाळी भाताच्या ताटावर तिनं खडा टाकून पाहिला.

‘जुन्या मण्यांना काय भाव चाललाय गं हल्ली?’

‘मला काय ठाऊक, मा.’

‘बसच्या वेळांमागे लिहिला नाही वाटतं?’

फूई यिननं मान वर केली. तिचे ओठ हलले. ‘मा, एक विचारू? चौकटीवर बसता तेव्हा तुम्हाला नीट...’ आणि ती थांबली.

‘नीट काय?’

‘काही नाही. आमटी घ्या. निवेल.’

पाहा! शब्द गिळला. सिओक निओनं आमटी घेतली नाही. चिंचेची आमटी तिला प्राणाहून प्यारी, पण त्या दिवशी तिला वाटलं, हिनं ह्यातही काही कालवलं असेल तर? मग स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं आणि ओशाळल्याचा राग आला. दुसऱ्या दिवशी तिनं लाल रंगाच्या पाचही बाटल्या टॉवेलाखाली झाकून वर नेल्या आणि उशाशी ठेवल्या. खाली फक्त त्या दिवसापुरते मणी बशीत काढले. तरी काम बसेना. हे तांबड्या माशांचं काम होतं, बंदर रोडवरच्या एका घरच्या नातीच्या लग्नाचं, दोन सपाता, दोन मासे, समोरासमोर पोहणारे. उजव्या पायाचा मासा केव्हाच पुरा झाला होता. डाव्याच्या शेपटीपासून कल्ल्यापर्यंत ती झरझर आली होती. तिथून पुढे हात अडखळत होता. सुईला भोक सापडेना. ओळ सरळ आहे की नाही हे तिला बोटानं चाचपावं लागे. हल्ली उजेडच मेला येत नाही, ती म्हणायची. समोरच्यानं पत्र्याची पडवी वाढवली त्यानं सगळा उजेड खाल्ला. चष्मेवाल्यानं काच बदलून दिली त्यात फसवलं. दोऱ्यावाल्यानं मेण कमी लावलं. सगळं जग मिळून तिच्यावर उठलं होतं, आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे सकाळी चौकटीवर बसावं तर कालच्या ओळी अगदी शाबूत असायच्या, बोटाला रेखीव, मण्याला मणी लागलेल्या. तेव्हा तिला वाटे, चला, हात अजून आहे आपला. म्हणजे मणी तेवढे बनावट. हा हिशेब कुठेतरी जुळत नव्हता, आणि न जुळणारी गोष्ट दिसली की सिओक निओ तिच्याकडे पाठ करी. तीन दिवस तिनं हेच केलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती मोठ्यानं जांभई देत वर गेली, पलंग करकरवला आणि मग अनवाणी उठून खोलीच्या मधोमध आली. तिथं फळ्यांच्या जमिनीत वीतभर लांबीरुंदीचा एक लाकडी ठोकळा बसवलेला होता. तो उचलला की खालची पुढची खोली दिसे. हे घर तिच्या आईचं, आईच्या आईचं. अशा घरांतून बायका परक्या पुरुषांसमोर जात नसत, ह्या भोकातून पाहून घेत. सतराव्या वर्षी ती इथंच पालथी पडली होती, आई पाठीवर हात ठेवून म्हणाली होती, ‘बघ, तोच. निळ्या सदऱ्यातला.’ तिनं उजवा डोळा लावला होता. डावा जन्मापासून आळशी, नुसता शोभेचा; त्याला माणसं धुरातल्यासारखी दिसत. उजव्यानं तिनं नवऱ्याच्या केसांतला भांग पाहिला, पांढरा, सरळ, आणि त्या भांगावरूनच ठरवलं की हा माणूस लबाड नाही. नव्हताही. तेव्हापासून तिचा आपल्या उजव्या डोळ्यावर फार विश्वास. आता गुडघे कुरकुरले, कंबरेनं शिव्या घातल्या, पण ती पालथी पडली, ठोकळा हळूच उचलला आणि उजवा डोळा भोकाला लावला.

काळं. म्हणजे सगळं काळं नाही; कडेकडेनं फरशीची नक्षी दिसत होती, दाराचा उंबरा, खुर्चीचा पाय. पण जिथं पाहायचं होतं, चौकट जिथं होती, तिथंच एक तपकिरी डाग. नजर हलवली की डागही हलायचा. तिला चटकन कळलं, खालून भोक बुजवलंय! कागद चिकटवलाय कार्टीनं, ओला कागद, मधोमध. काय ही अक्कल! तिनं भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं. कागद नव्हता, काही नव्हतं, गार हवा लागली. तिनं पुन्हा डोळा लावला. डाग. पापणी चोळली. डाग. मग, कधी नव्हे ते, तिनं मान फिरवली आणि शोभेचा डोळा लावला. खालची खोली धुरकट, पण अख्खी दिसली. मधे काहीच नव्हतं. फूई यिन चौकटीवर वाकून बसली होती. रेघा विरलेल्या, पण हात कळत होते: एक हात सुईनं काहीतरी उचकटत होता, बशीत टाकत होता, मग मुठीत मावेल एवढी एक बाटली तिरपी करत होता. आणि पोरीच्या कमरेला सारोंग होता, सिओक निओनंच गेल्या सणाला दिलेला, जास्वंदी लाल. लालभडक. तिनं उजवा डोळा लावला: सारोंग तपकिरी, शिळ्या चहाच्या रंगाचा. डावा: लाल. उजवा: चहा. डावा: लाल. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. बाटल्या कुणी बदलल्या नव्हत्या. बदललं होतं ते इथं, तिच्या कवटीत, तिच्या लाडक्या उजव्या डोळ्यात, आणि ही गोष्ट तिला चार दिवस नाही, त्याही आधीपासून ठाऊक होती. फक्त ती तिच्याकडे पाठ करून बसली होती. साप साप म्हणून भुई धोपटली, आणि साप आपल्याच उशाशी. तिला इतकी भीती वाटली की लहान मुलासारखं हाक मारावंसं वाटलं, आणि हाक मारायला घरात एकच माणूस होतं.

‘फूई यिन!’ ती भोकातून ओरडली.

खाली बशी पडली. मणी फरशीवर उधळल्याचा आवाज आला. पोरीनं दचकून दाराकडे पाहिलं, मग वर.

‘काय करतेस तिथं?’

‘उसवतेय, मा.’

‘काय उसवतेस?’

‘तुमचं चुकलेलं.’

सिओक निओचा गाल फळीला टेकलेला होता. फळी गार होती. ‘गाडी बोलव,’ ती म्हणाली. ‘आणि ऐक. माझा डोळा गेलाय.’ शब्द तोंडातून गेला, आणि कुठलीच नागीण कुठंच वळली नाही.

सरकारी इस्पितळात बाहुली मोठी करणारे थेंब घालून तासभर बसवलं. डॉक्टर मलय बाई होती, सल्मिया नावाची, पोरसवदा दिसणारी पण हात ठाम. यंत्रात हनुवटी टेकवून तिनं बराच वेळ पाहिलं, मग खुर्ची मागे घेतली. ‘आंटी, डोळ्यातलं रक्त बाहेर नेणारी मुख्य शीर आहे ना, तिच्यात रक्त गोठलंय. मागे पडदाभर रक्त सांडलंय, सूज आहे. कपाळावर काय झालं होतं?’

‘नागीण,’ फूई यिन म्हणाली.

‘तिच्यामुळे असेल. शिरेला सूज आली की आत गाठ धरते. फार क्वचित होतं. मी दोनदाच पाहिलंय. गोळ्या कुठल्या घेतल्या तेव्हा?’

फूई यिननं सासूकडे पाहिलं. मग सिओक निओनं सांगितलं, शाई, भिंत, वाघ. डॉक्टर हसली नाही. सिओक निओ म्हणाली, ‘पण ती थांबली की नाही? बरोबर मध्यावर थांबली, त्याच्या रेघेवर.’

‘ती सगळ्यांचीच तिथं थांबते, आंटी. ती नस तिथं संपते. शाई नसती तरी थांबली असती.’ तिनं कागद ओढला. ‘दिसायचं कधीपासून बिघडलं?’

‘चार दिवस,’ सिओक निओ म्हणाली.

‘एकोणीस,’ फूई यिन म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. पोरीनं मांडीवरच्या पिशवीचे बंद पिळले होते. ‘डाव्या पायाच्या माशाच्या कल्ल्यापासून,’ ती म्हणाली. ‘तिथपर्यंत सगळं बरोबर होतं. कल्ल्याच्या पहिल्या ओळीत चार मणी चुकले, तांबड्याच्या जागी मातकट. त्या दिवशी भुकेल्या पितरांचं, हंग्री घोस्टचं जेवण होतं, म्हणून दिवस पक्का आठवतो. मग रोज वाढत गेले. परवा अर्धी ओळ.’

डॉक्टरनं आकडा लिहिला. इंजेक्शन डोळ्यातच द्यावं लागेल, आजच, मग दर महिन्याला. सूज उतरेल, कडेचं टिकेल. मधलं परत येईल का, ह्यावर ती म्हणाली, ‘थोडं येईल. सुईत दोरा घालण्याएवढं येईल असं मी सांगणार नाही. सुरुवातीला आला असतात तर आशा जास्त होती.’ सुरुवातीला म्हणजे कधी, चार दिवसांपूर्वी की एकोणीस, की सात आठवड्यांपूर्वी, दारात गाडी उभी होती तेव्हा, हे सिओक निओनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर ती पट्टी बांधलेल्या डोळ्यानं चौकटीपाशी बसली. पायाखाली मणी टोचत होते. पोरगी गुडघ्यांवर बसून ते फरशीच्या फटींतून टिपत होती. सिओक निओनं माशाच्या शेपटीवर बोट ठेवलं आणि ते हळूहळू डोक्याकडे सरकवत नेलं. दुसऱ्याचा हात जिथं लागतो तिथं सांधा असतो. सांधा तिला बोटानं कळायचा, त्याबद्दल ती गावभर मिरवत आली होती. कल्ला आला, गेला. डोक्याचा उतार आला, गेला. सांधा लागला नाही. ती पुन्हा शेपटीपासून निघाली. पुन्हा नाही. दवाखान्यात ती रडली नव्हती, डोळ्यात सुई गेली तेव्हाही नाही. आता तिला रडू फुटलं, एका बाजूनं, पट्टीच्या खालूनही थोडं.

‘किती रात्री जागलीस?’

‘रात्री नाही. तुम्ही दुपारी निजायचात तेव्हा.’

‘आणि बाटल्या? त्या तर मी वर नेल्या होत्या.’

‘पहिल्या आठवड्यापासूनच चमचा चमचा मणी काढून ठेवत होते. चोरलेच म्हणा.’

‘म्हणजे मी म्हणत होते ते खरंच होतं.’

‘हो, मा.’

सिओक निओला हसू आलं आणि त्याच दमात संताप आला. ‘उसवत बसलीस! एकोणीस दिवस! अगं सटवे, तसंच ठेवलं असतंस तर माझं मला दिसलं असतं ना? भिकार काम बघून मीच हंबरडा फोडला असता. तू नीट करून ठेवायचीस, आणि मी आपली बघायची, वा, हात अजून आहे!’

फूई यिन टिपायची थांबली. तिचा चेहरा पडला, आणि सिओक निओच्या ध्यानात आलं की हे पोरीला आधीच कळून चुकलंय, बहुतेक डॉक्टरच्या खोलीतच. एकीनं संशयापोटी डोळ्यावर कातडं ओढलं, दुसरीनं भीतीपोटी ते नीट टाचून दिलं. कुणाचा टाका जास्त घट्ट बसला, हे आता बोटानं काय, कशानंच कळणार नव्हतं.

‘मी सांगणार होते,’ फूई यिन म्हणाली. ‘तीनदा तोंड उघडलं. पहिल्या वेळी तुम्ही तोंडावर हात ठेवलात.’ तिनं मूठभर मणी बशीत सोडले. ‘दुसऱ्या वेळी नुसतं पाहिलंत. तिसऱ्या वेळी, आमटी वाढताना, माझं मलाच पुढे बोलवेना. सांगितलं असतं, तर ऐकलं असतंत का, मा?’

बाहेर समोरच्याच्या पडवीवर शेवटचं ऊन होतं. पत्रा चांगला लखलखत होता. उजेड कुणी खाल्ला नव्हता. सिओक निओनं खरं उत्तर शोधलं, आणि ते फार लांब नव्हतं.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘तुला घराबाहेर काढलं असतं.’

फूई यिननं मान हलवली. मग उठून हात धुतले, खुर्ची ओढली, सुई घेतली आणि पहिल्या खेपेलाच दोरा ओवला. डोक्याच्या तीन ओळी राहिल्या होत्या.

‘डोळ्याला कुठला तांबडा घेऊ?’ तिनं विचारलं.

‘दुसरी बाटली. उशाशी आहे, घेऊन ये,’ सिओक निओ म्हणाली. ‘आणि पाचही आण खाली.’